नागपूरहून यूकॉनला जाऊन दोघांनीच डेम्पस्टर हायवे करायचा असेल तर

सगळ्यात आधी हे बघा की तुम्हा दोघांनाही गाडी चालवता येते का आणि दोघांनाही स्टेपनी बदलता येते का. व्हिजा, तिकीट, जॅकेट सगळं नंतर. कारण कॅनडाच्या यूकॉनमधला हा जो डेम्पस्टर हायवे आहे ना, त्यावर तिसरं माणूस मिळेलच असं नाही, फोनला रेंज नाही, आणि एकाला ताप आला किंवा कंबर धरली तर दुसऱ्यानेच गाडी, तंबू, स्वयंपाक सगळं बघायचं असतं. "गाडी याची, डबा तिचा" अशी कामाची वाटणी करून जाणाऱ्या जोडप्यांना मी खरंच सांगते, आधी घरी दोन महिने कामं उलटी करून बघा आणि मग निघा.

रस्ता कसा आहे ते थोडक्यात. यूकॉन म्हणजे कॅनडाचा वायव्य कोपरा, अलास्काला चिकटून, आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा आणि माणसं पन्नास हजारांच्या आत, त्यातली बहुतेक व्हाइटहॉर्स या एका शहरात. व्हाइटहॉर्सहून क्लोंडाइक हायवेने डॉसन सिटी साधारण ५३६ किलोमीटर, तो डांबरी, काही अवघड नाही. डॉसनच्या चाळीसेक किलोमीटर अलीकडे डेम्पस्टरचा फाटा लागतो. तिथून शेजारच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या इनुविक गावापर्यंत ७३६ किलोमीटर, म्हणजे आपल्या समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरपेक्षा थोडा जास्तच, पण जवळपास सगळा गिट्टी-मुरूमाचा. इनुविकच्या पुढे टक्टोयाकटक (बोलताना नुसतं टक) गावापर्यंतचा १३८ किलोमीटरचा रस्ता १५ नोव्हेंबर २०१७ ला सुरू झाला, त्यामुळे आता गाडी थेट आर्क्टिक महासागराच्या काठाला लागते. दुसरा रस्ता नाही, गेलात तसंच परत यायचं. जाऊन-येऊन २,८०० किलोमीटरच्या आसपास धरा आणि त्याला फक्त रस्त्याचे चौदा दिवस तरी द्या, विमानाचे वेगळे. दहा दिवसांत होतं असं सांगणारे भेटतील, होतंही, पण मग फक्त स्टिअरिंग धरून बसणं होतं.

कधी जायचं यावर माझं मत पक्कं आहे, ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा पहिला. जून-जुलैत सूर्य मावळतच नाही, इनुविकला तर दीड महिन्याहून जास्त दिवस चोवीस तास उजेड, ते बघायला भारीच वाटतं पण डास आणि काळी चिलटं इतकी असतात की जेवताना जाळी तोंडावरून काढवत नाही. ऑगस्टच्या शेवटी डास कमी झालेले असतात, टुंड्रा, म्हणजे झाडं नसलेला खुरट्या झुडपांचा मुलूख, लाल-पिवळा होतो, आणि रात्र पुन्हा काळी व्हायला लागते त्यामुळे आभाळ साफ असेल तर नॉर्दर्न लाइट्स पण दिसतात. फक्त तेव्हा बर्फ पडू शकतो, डोंगरावर तर नक्कीच, म्हणून गाडीचे टायर आणि तुमचे कपडे दोन्ही त्या हिशोबाने हवेत. मे आणि नोव्हेंबरचा विचारच करू नका, वाटेत दोन मोठ्या नद्या आहेत, उन्हाळ्यात त्यावर फेरी बोट असते आणि हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाड्या जातात, पण बर्फ धरायच्या आणि फुटायच्या दिवसांत दोन्ही बंद.

नागपुरातच उरकायच्या गोष्टी

भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिजा लागतो, बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला मुंबई किंवा तुम्हाला सोयीच्या दुसऱ्या केंद्रात जावं लागेल, आणि व्हिजाला किती वेळ लागेल याचा भरवसा नसतो म्हणून सहा महिने आधीपासून लागा. व्हिजा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं काहीही बुक करू नका. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्या आरटीओतूनच मिळतं, परिवहनच्या साइटवरून अर्ज होतो, एक हजार रुपये फी, एक वर्ष चालतं. ते दोघांचंही काढा. गाडी देणाऱ्याकडे दोघांची नावं ड्रायव्हर म्हणून लिहायला लावा, त्याचे थोडे जास्त पैसे लागतात ते वाचवू नका, कारण ज्याचं नाव नाही त्याच्या हातून काही झालं तर इन्शुरन्स हात वर करतं.

आता स्टेपनी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी दोघांनी आळीपाळीने बदलून बघा, आणि गुळगुळीत फरशीवर नाही, बाहेर मुरूमाच्या जागेवर बघा. तिथेच कळतं की जॅक मुरूमात रुततो. म्हणून जॅकखाली ठेवायला फूटभर लांबीची जाड फळी लागते. क्रम असा, हँडब्रेक लावायचा, तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून दगड लावायचा, चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच सगळे नट अर्धा फेरा सैल करायचे, मग फळी, मग जॅक, आणि चाक हवेत आल्यावरच नट पूर्ण काढायचे. माझी उंची पाच फूट एक इंच, हाताच्या जोराने नट सुटत नाही, पाना आडवा लावून त्यावर पायाने भार दिला की सुटतो, हे घरी कळलेलं बरं. नवं चाक बसवलं की नट एकाआड एक आवळायचे, गोल क्रमाने नाही, आणि पन्नासेक किलोमीटर गेल्यावर उतरून परत एकदा पाना फिरवायचा. हवा भरायचा छोटा कंप्रेसर आणि पंक्चर काढायचं किट पण वापरून बघा, ट्यूबलेसला दोरी कशी घालायची ते कोणताही पंक्चरवाला भाऊ प्रेमाने दाखवतो, दोघांनी जाऊन शिका. डेम्पस्टरवरचे दगड पातळ आणि धारदार असतात, टायर सरळ कापला जातो, त्यामुळे हे सगळं खरंच लागू शकतं.

थंडीचे कपडे सगळे इथे घेऊ नका. आतले थर्मल, लोकरीचे मोजे, रेनकोट-पॅन्ट इथून, जाड जॅकेट आणि बूट व्हाइटहॉर्सला. मे महिन्यात ४५ डिग्रीत आपण कपड्यांची यादी करतो तेव्हा एक तर सगळंच जास्त वाटतं नाहीतर घाबरून तिप्पट भरलं जातं. ऑगस्टअखेर दिवसा दहा-बारा, रात्री शून्याच्या आसपास, डोंगरावर वारा सुटला की त्याखालचं वाटतं. एकावर एक तीन थर, बस्स. आणि दोघांचे हातमोजे दोन-दोन जोड, ओले झाले की वाळत नाहीत.

गाडी कोणती आणि कोणाकडून

नागपूर-दिल्ली-व्हँकुव्हर आणि तिथून अडीच तासांचं विमान व्हाइटहॉर्सला. गाडी व्हाइटहॉर्सला घ्यायची. इथे एक गोष्ट फार जपून, बऱ्याच भाड्याच्या कंपन्या आपली गाडी डेम्पस्टरवर न्यायला सरळ मनाई करतात, करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तिथे नेली आणि काही झालं तर सगळा खर्च तुमचा, ओढून आणण्याचाही, आणि तिथून गाडी ओढून आणणं म्हणजे शेकडो किलोमीटर. त्यामुळे "डेम्पस्टर आणि टक्टोयाकटक रस्त्यावर चालेल" असं ईमेलवर लिहून घ्या, सोबत काच आणि टायरचा इन्शुरन्स वेगळा आहे का ते विचारा, कारण तिथे सगळ्यात आधी फुटते ती समोरची काच.

दोघांसाठी मला ट्रक-कॅम्पर सगळ्यात बरा वाटतो, म्हणजे पिकअपच्या पाठीवर बसवलेली छोटी खोली, आत पलंग, शेगडी, हीटर. महाग आहे पण हॉटेल वाचतं, आणि अस्वलांच्या मुलखात पत्र्याच्या आत झोपणं वेगळंच समाधान. साधी फोर-बाय-फोर घेऊन तंबूतही राहता येतं, तरुण जोडपी तेच करतात. कोणतीही घ्या, जाड दहा-प्लाय (दहा थरांच्या ताकदीचे) टायर आहेत का बघा आणि पूर्ण साइजच्या दोन स्टेपन्या मागा. एक पातळ डोनट स्टेपनी देत असतील तर गाडी घेऊच नका. गाडी ताब्यात घेताना जॅक खरंच उचलतो का, पाना नटाला बसतो का, हे त्यांच्या अंगणातच करून बघा, ते हसत नाहीत, उलट त्यांना बरं वाटतं.

पहिल्या दिवशी लगेच उत्तरेला सुटू नका. उजव्या बाजूने चालवायचं असतं, झोप उडालेली असते, यूकॉन आणि आपल्यात साडेबारा तासांचा फरक, नागपुरात सकाळचे नऊ तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे साडेआठ. एक दिवस कारक्रॉसपर्यंत, सत्तरेक किलोमीटर, जाऊन या, दोघांनी अर्धा-अर्धा चालवा, डावीकडे वळताना कोणत्या लेनमध्ये शिरायचं ते अंगवळणी पडतं. यूकॉनच्या हायवेवर दिवसाही हेडलाइट चालू ठेवणं सक्तीचं आहे, ते तेव्हापासूनच लावून टाका.

सामान व्हाइटहॉर्सलाच भरा, मोठी सुपरमार्केट आहेत, तांदूळ, डाळ, कणिक, मसाला सगळं मिळतं. नागपुरातून मेतकूट, भाजणी, तिखट, चिवडा असं कोरडं न्या आणि विमानतळावर कस्टमच्या फॉर्मवर सगळं खरं लिहा, लिहिलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर दंड. दुधाचे पदार्थ, फळं, बिया नकोच, संत्रा बर्फी कितीही न्यावीशी वाटली तरी राहू द्या. गॅस शेगडीचे डबे विमानात चालत नाहीत ते तिथेच घ्यायचे.

आणि एक गोष्ट भारतीयांनी डोक्यात पक्की ठेवायची. रेंज नसल्यामुळे तिथे सॅटेलाइट कम्युनिकेटर जवळ ठेवतात, बटण दाबलं की मदतीचा मेसेज जातो, घरी "आम्ही ठीक" असंही पाठवता येतं. तो घ्याच, पण भाड्याने, तिथेच घेऊन तिथेच परत द्यायचा. विकत घेऊन भारतात आणू नका, परवान्याशिवाय असं यंत्र बाळगायला आपल्याकडे बंदी आहे आणि विमानतळावर लोकांना पकडलेलं आहे. घरच्यांना जाण्याआधीच समजावून ठेवा की रोज रात्री एकच मेसेज येईल, आणि एखाद्या दिवशी नाही आला तर लगेच घाबरायचं नाही. माझ्या सासूबाईंनी ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. त्यांचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत तोच, "ताडोबा एवढं जवळ असताना अस्वलं बघायला एवढ्या दूर काहून जाता बाप्पा?"

रस्त्यावर

व्हाइटहॉर्स ते डॉसन एका दिवसात होतं, कारमॅक्सच्या पुढे फाइव्ह फिंगर रॅपिड्सला थांबा, यूकॉन नदीत खडकांचे सुळके उभे आणि पाणी त्यांच्या फटींतून घुसतं, लाकडी जिन्याने खाली जाता येतं. डॉसनला दोन रात्री द्या. १८९६ च्या ऑगस्टमध्ये जवळच्या नाल्यात सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं इथे धावली. रस्ते अजून मातीचे, कडेला लाकडी फळ्यांचे फुटपाथ. पण ही जमीन त्याआधीपासून इथल्या मूळच्या ट्रॉन्डेक ह्वेचइन लोकांची, त्यांचं सांस्कृतिक केंद्र नदीकाठीच आहे, ते बघून मगच पुढे जा, नाहीतर सगळी गोष्ट सोन्याचीच वाटते. २०२३ मध्ये ट्रॉन्डेक-क्लोंडाइक हे जागतिक वारसा यादीत आलं ते याच दोन्ही बाजू मिळून.

डॉसनला टाकी गळ्यापर्यंत भरा. पुढचा भरवशाचा पंप ईगल प्लेन्सला, फाट्यापासून ३६९ किलोमीटरवर, म्हणजे डॉसनपासून ४०९. पिकअप शंभर किलोमीटरला बारा-तेरा लिटर खाते धरलं तर पन्नास-पंचावन्न लिटर, गिट्टी आणि समोरचा वारा धरून साठ. टाकीत एवढं बसतं का ते बघा आणि वीस लिटरचा एक कॅन तरी पाठीवर बांधा. ईगल प्लेन्सनंतर फोर्ट मॅकफर्सन, मग इनुविक, मग टक. दिसला पंप की भर, हा नियम. पेट्रोल महाग आहे, किंमत बघत बसायचं नाही.

रस्ता गिट्टीचाच का ठेवला हे कळलं की चालवणंही सुधारतं. खालची जमीन कायमची गोठलेली आहे, पर्माफ्रॉस्ट. तिच्यावर सरळ डांबर टाकलं तर उष्णतेने खालचा बर्फ वितळून रस्ता खचेल, म्हणून १.२ पासून २.४ मीटरपर्यंत जाड गिट्टीचा थर घालून त्यावर रस्ता नेलाय, तो थर खालच्या बर्फाचं गोधडीसारखं रक्षण करतो. यामुळे रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच आहे आणि कडा मऊ आहेत. कडेला चाक गेलं की गाडी घसरत खाली टुंड्रात. थांबायचं तर फक्त थांब्याच्या रुंद जागी. समोरून ट्रक आला की वेग एकदम कमी करायचा, उजवीकडे सरकायचं पण कडेवर नाही, आणि तो जाऊ द्यायचा, दगड उडतो तो दोघांच्या वेगाच्या बेरजेने येऊन काचेवर आदळतो. आम्ही सत्तरच्या वर नेतच नाही. पावसात तर पन्नास. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड मारतात, त्याचा चिखल गाडीला चिकटला की वाळून प्लास्टरसारखा होतो, मागचे दिवे दिसेनासे होतात, दर थांब्याला ओल्या फडक्याने दिवे आणि नंबरप्लेट पुसायची. जो चालवत नाही त्याचं हे काम.

दर दोन तासांनी चालक बदला, थकवा असो नसो. आणि बाजूला बसलेल्याने झोपायचं नाही. किलोमीटरचे खांब वाचणं, पुढचा थांबा सांगणं, प्राणी दिसला तर आधी सांगणं, हे त्याचं काम. नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या हद्दीत शिरलात, ४६५ किलोमीटरवर, की खांबांवरचे आकडे पुन्हा शून्यापासून सुरू होतात, घाबरू नका. घड्याळही उन्हाळ्यात एक तास पुढे जातं, फेरीची वेळ त्यांच्या घड्याळाची असते.

वाटेतलं सगळं लिहीत बसत नाही, पण टूमस्टोन या डोंगराळ पार्कला मात्र दोन रात्री द्याच, फाट्यापासून ७१ किलोमीटरवर माहिती केंद्र आणि जवळच कॅम्पग्राउंड, यूकॉन सरकारच्या कॅम्पग्राउंडमध्ये फीमध्येच शेकोटीचं लाकूड मिळतं. गोल्डनसाइड्सची पायवाट चढून गेलात की काळे टोकदार डोंगर आणि खाली लालभडक टुंड्रा, ते बघताना आम्ही दोघंही कितीतरी वेळ बोललोच नाही. पुढे ओगिल्वी पर्वत, ते शेवटच्या हिमयुगातही बर्फाखाली गेले नाहीत म्हणून त्यांचा आकार वेगळाच, चुनखडीचे भुरकट उतार. २५९ किलोमीटरला ओगिल्वी-पीलचा पॉइंट आहे, तिथे चहा करा. ईगल प्लेन्सच्या पुढे ४०५ वर आर्क्टिक सर्कलची पाटी, सगळे तिथे फोटो काढतात, तुम्हीही काढा. त्या भागात रस्त्याचाच एक रुंद तुकडा अडचणीत विमान उतरवायला ठेवलाय, तिथे पाटी असते, त्यावर थांबून जेवायला बसू नका. शरद ऋतूत पॉर्क्युपाइन कॅरिबूंचा, म्हणजे रानटी रेनडिअरचा, कळप याच भागात येतो, २०१७ च्या मोजणीत दोन लाखांवर जनावरं होती त्यात, दिसलेच तर गाडी बंद करून शांत बसा, हॉर्न नाही.

ईगल प्लेन्सपासून हद्दीपर्यंतचा भाग वाऱ्याचा. तिथे रस्ता कधीही बंद होतो, फाटक पाडतात. यूकॉनची ५११ ही रस्त्याच्या माहितीची सेवा आहे, डॉसनला आणि ईगल प्लेन्सला असताना बघून मगच निघायचं. फाटक बंद असेल तर बंद, वाद घालायचा नाही.

फेरीचं सांगते. पील नदीवर फोर्ट मॅकफर्सनच्या अलीकडे एक आणि मॅकेन्झीवर त्सिगेचिकजवळ एक. दोन्ही फुकट. रांगेत गाडी लावायची, हाताने खुणा करतील तसं उतरायचं. काठावर सिमेंटचा धक्का वगैरे काही नसतो, नदीचं पाणी वरखाली होतं तसा गिट्टीचा उतार बुलडोझरने परत परत रचतात, गाडीचं नाक खाली जातं आणि बोटीच्या लोखंडी पट्टीवर चढताना धप्पकन आवाज येतो. पहिल्या गिअरमध्ये हळू, ब्रेकवर पाय, मध्येच थांबायचं नाही. चढवणाऱ्याने फक्त खुणेकडे बघायचं आणि बाजूच्याने "थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे" करू नये, दोन माणसांच्या सूचना एकदम आल्या की गडबड होते. पूर आला किंवा वारा फार असला तर फेरी बंद, मग एक दिवस, दोन दिवस काठावरच. म्हणून गाडीत तीन दिवसांचं जादा जेवण-पाणी आणि परतीच्या विमानाआधी दोन मोकळे दिवस, हे ठेवलेच पाहिजेत.

इनुविक तीनेक हजारांचं गाव, घरं खांबांवर उभी आणि पाण्याचे पाइप जमिनीच्या वरून, कारण तेच, खाली बर्फ. इग्लूसारखं गोल चर्च आहे आणि एक छोटी मशीदही, ती २०१० मध्ये दक्षिणेतून ट्रक आणि बार्जने आणली होती. इथे हॉटेल घ्या, कपडे धुवा, घरी फोन लावा. मग टक. सपाट टुंड्रा, दोन्हीकडे तळी, आणि गावाजवळ पिंगो, म्हणजे आत बर्फाचा गाभा असलेल्या टेकड्या, इब्युक पिंगो तर ४९ मीटर उंच. तो लांबूनच बघायचा, वर चढायचं नाही. टकला लोक राहतात हे विसरू नका, इथल्या मूळच्या इनुव्हियालुइट लोकांचं गाव आहे, कोणाच्या घराचा, वाळत घातलेल्या मासळीचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. एखादी आजी स्वतःच बोलायला येते, बसा, ऐका, तिच्याकडून सुकवलेला मासा किंवा विणलेलं काही विकत घ्या.

अस्वल

ताडोब्यात आपण जिप्सीत असतो, गाइड सोबत, गेटची वेळ ठरलेली. इथे गेट नाही की गाइड नाही, ग्रिझली, म्हणजे तिथलं मोठं तपकिरी अस्वल, रस्त्याच्या कडेला बेरी खात उभं असतं. गाडीतून बघा, काच वर, शंभर मीटरच्या आत पायी जायचंच नाही. बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा) व्हाइटहॉर्सला घ्या, दोघांना दोन, आणि पट्ट्याला लावा, बॅगेत नाही. विकणारा बरेचदा रिकामा सरावाचा डबा देतो, सेफ्टी क्लिप अंगठ्याने काढायची सवय दोघांनी करा, डोळे मिटून जमलं पाहिजे. फवारा फक्त काही मीटर जातो, अस्वल अगदी जवळ येईपर्यंत वाट बघावी लागते, आणि वारा आपल्याकडे असेल तर आपलेच डोळे जातात. पायवाटेवर मोठ्याने बोलत चला, झुडपात अचानक गाठ पडणं सगळ्यात वाईट. पळायचं कधीच नाही.

स्वयंपाकाचं तेवढंच महत्त्वाचं. हिंग-लसणाची फोडणी दूरवर जाते. तंबूत झोपत असाल तर तंबूपासून लांब, वास तंबूकडे येणार नाही अशा बाजूला शिजवा, भांडी लगेच धुवा, सगळं खाणं, टूथपेस्ट, साबण, तेल गाडीत बंद. ज्या कपड्यांत फोडणी दिली त्या कपड्यांत झोपायचं नाही. आम्ही मुगाची खिचडी, पोहे, भाजणीचं थालीपीठ यावरच राहिलो, छोटा कुकर नेला तर गॅस वाचतो.

परत कधी फिरायचं

हा रस्ता १८ ऑगस्ट १९७९ ला सुरू झाला आणि त्याला ज्यांचं नाव दिलंय ते डेम्पस्टर कॅनडाच्या माउंटेड पोलिसांत होते, याच वाटेने कुत्र्यांच्या गाडीवरून टपाल नेणारे. १९१० च्या डिसेंबरमध्ये फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला निघालेली चार पोलिसांची तुकडी वाट चुकली. वाट माहीत असलेला ग्विचइन (तिथल्या मूळ जमातीचा) वाटाड्या त्यांनी आधीच परत पाठवला होता. तरी दिवसच्या दिवस तोच एक नाला शोधत राहिले, परत फिरले तेव्हा अन्न संपत आलं होतं, आणि चौघेही फोर्ट मॅकफर्सन जवळ आलेलं असताना वारले. १९११ च्या मार्चमध्ये डेम्पस्टर यांनी त्यांचे देह शोधले. फोर्ट मॅकफर्सनच्या चर्चजवळ त्यांची समाधी आहे, थांबा तिथे.

आमच्या दोघांत म्हणून एक नियम आहे, कोणीही एकाने "परत फिरू" म्हटलं तर गाडी फिरवायची, कारण विचारायचं नाही, टोमणा मारायचा नाही, रात्री जेवताना बोलायचं. एवढे पैसे घातलेत, आता टकच्या समुद्रात पाय बुडवल्याशिवाय कसं जायचं, हा विचार येतोच, आणि तोच धोक्याचा. निघायच्या आधीच तीन गोष्टी कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. दुसरी स्टेपनी वापरली गेली, नवीन टायर मिळेपर्यंत पुढे नाही. टाकी अर्ध्याच्या खाली आणि पुढचा पंप बंद असल्याचं कळलं, मागे. दोघांपैकी एकाला ताप, छातीत दुखणं, दम लागणं, मागे किंवा पुढे जिथे दवाखाना जवळ तिकडे, हॉस्पिटल डॉसनला आणि इनुविकला आहे. प्रवासाचा मेडिकल इन्शुरन्स घेताना विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते वाचून घ्या, बीपी-शुगरची औषधं दुप्पट न्या, अर्धी एकाच्या बॅगेत अर्धी दुसऱ्याच्या.

भांडणं होतात, ते पण सांगते. चिखल, झोप कमी, एकमेकांशिवाय कोणी नाही. आमचं ठरलेलं असतं, दर तिसऱ्या दिवशी गाडी चालवायचीच नाही. एक जण नदीकाठी पुस्तक घेऊन बसतो, दुसरा गाडी पुसतो, संध्याकाळपर्यंत गाडी हलवायची नाही. पैशाने सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा दिवस हाच.

व्हाइटहॉर्सला परत आलात की गाडी आधी प्रेशरच्या पाण्याने धुवा, खालूनसुद्धा, वाळलेला चिखल तसाच दिला तर धुण्याचे पैसे लावतात आणि काचेवरचे, पत्र्यावरचे ओरखडे नीट दिसत नाहीत, मग वाद होतो. गाडी देताना दोघं सोबत राहा, एकाने फोटो काढा. बेअर स्प्रे विमानात कोणत्याच बॅगेत चालत नाही, शेगडीचे उरलेले डबे पण नाही, ते कॅम्पग्राउंडवर नव्याने निघालेल्या एखाद्या जोडीला देऊन टाका. आणि सॅटेलाइटचं यंत्र परत केल्याची पावती विमानतळाकडे निघायच्या आधी हातात घ्या.